चौविहाराच्या आत माथेरान

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला सहलीचाही हिशेब मांडल्यावाचून चैन पडत नाही. आमच्या थोरल्या भाभी दिवाळीनंतर एके दिवशी सहज म्हणाल्या, "माथेरानचे ते तळे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते." १९७१ साली, लग्नानंतर, त्या माझ्या मोठ्या भावासोबत तेथे गेल्या होत्या. भाऊ आता नाहीत आणि भाभींनी पंचाहत्तरी गाठली आहे. मुक्काम त्यांना नको होता, कारण परक्या स्वयंपाकघराचा त्यांना भरवसा नाही. तेव्हा सकाळी ठाण्याहून निघून रात्री घरी परतायचे, असे ठरले. मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

इतरांनी अशी सहल आखताना रेल्वेचे वेळापत्रक पाहिले तर भागते. आम्हाला पंचांगही लागते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, आणि चौविहार सूर्यास्तापूर्वी. म्हणजे खाण्यापिण्यासाठी हाती जेमतेम दहा तास. अष्टमी-चतुर्दशी टाळली, गर्दीमुळे शनिवार-रविवारही टाळला आणि मंगळवार मुक्रर केला. उकळलेले पाणी, थेपले, खाखरे आणि सुकी भाजी घरूनच घ्यायची होती. नेरळहून वर जाणाऱ्या छोट्या गाडीचा मोह मी आवरला. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापारी घराण्याने पदरचा पैसा घालून बांधलेला आणि १९०७ साली सुरू झालेला तो एकवीस किलोमीटरचा मार्ग कितीही देखणा असला, तरी त्यात दोन तासांहून अधिक वेळ जातो. त्याऐवजी टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचे ठरवले. तेथून पुढे मोटारींना बंदी.

या 'पुढे'पाशीच माझा आराखडा अडला. भाभींच्या गुडघ्यांचा विचार करून मी हातरिक्षा गृहीत धरली होती. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "त्या वेळी बसले होते मी. चढावर तो माणूस धापा टाकत होता, पायांत काही नव्हते. तुझ्या भावाला सांगून मी अर्ध्यातच उतरले. आता पुन्हा नाही. घोडाही नको."

पुतण्याचे कल्याणला कापडाचे दुकान आहे. त्याला हे पटले नाही. "बा, आपण बसलो नाही तर त्याची चूल कशी पेटणार? त्याला दया नको, गिऱ्हाईक हवे आहे." हा मुद्दा खोडून काढणे मला जमले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही जमत नाही. भाभी एवढेच म्हणाल्या, "तुझे खरे असेल. माझ्याने बसवणार नाही." ई-रिक्षा सुरू झाल्याचे मी ऐकून होतो, तीवर सर्वांचे एकमत झाले.

ठरलेल्या दिवशी पहाटेच्या लोकलने निघालो आणि नेरळच्या फलाटावर नवकारशी झाली. टॅक्सीने वर पोहोचलो, तर अमन लॉजहून गावात जाणारी शटल नुकतीच सुटली होती आणि ई-रिक्षासाठी मोठी रांग होती. पन्नास मिनिटे आम्ही तेथे थांबलो. माझ्या कागदावरचा लुईझा पॉइंट तेथेच गळाला. शेजारी रिकामी हातरिक्षा घेऊन पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. "आजी, बसा. आम्हाला सवय आहे," ते म्हणाले. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी भाभींकडे पाहिले. भाभींनी त्यांना जवळ बोलावून खाखरा दिला आणि विचारपूस सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले आहे आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असेही म्हटले आहे, हे त्यांना माझ्याहून नेमके ठाऊक होते. "मिळाली तर बरे. गुडघे आमचेही गेलेत," ते हसून म्हणाले. भाभींनी स्वतःचे गुडघे चोळले आणि त्याही हसल्या.

बाजारातून तळ्यापर्यंत त्या तांबड्या मातीच्या वाटेने चालत गेल्या. दर शे-दीडशे पावलांवर विसावा होता, आणि माझ्या मनात घड्याळ. एका माकडाने थेपल्यांचा एक पुडा पळवला. त्याच्या नवकारशीची काळजी कोणी केली नाही. तळ्याच्या काठी भाभी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी तेवढेच आहे." मी निघण्याची वेळ सांगणार होतो, पण कागद खिशातच राहू दिला. पॅनोरमा पॉइंटही गेला.

साडेतीनला परतीला लागलो. लोक सूर्यास्त पाहायला पॉर्क्युपाइन पॉइंटकडे निघाले होते, आम्ही उलट दिशेने. पाचला दस्तुरीवर एका झाडाखाली उरलेले थेपले खाल्ले. साडेपाचला भाभींनी शेवटचे पाणी घेतले, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. सकाळचे ते गृहस्थ समोरच होते. दिवसभरात दोन फेऱ्या झाल्याचे त्यांनी सांगितले. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाभी त्यांच्यापाशी गेल्या.

"ई-रिक्षा मिळाली की सांगाल का? मी पुन्हा येईन."

"कसे सांगणार, आजी?"

भाभींनी माझ्या खिशातली पेन्सिल आणि तो आराखड्याचा कागद मागून घेतला, आणि त्याच्या पाठीमागे आमचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला.