देठांचं वजन

गेली 26 वर्षं मी लालबागमध्ये तिखट आणि मसाले करून विकते आहे. त्यांतली 22 वर्षं मी एका मतावर ठाम होते : धंदा शिकून येत नाही, तो कष्टाने येतो. कुणी उद्योजकता शिबिराचं पत्रक हातात दिलं की न वाचताच परत करायचे. "माझ्या आईने कुठला कोर्स केला होता?" हे माझं ठरलेलं उत्तर असायचं. ते उत्तर मला आज जाहीरपणे मागे घ्यायचं आहे. ते चुकीचं होतं, आणि त्यात माझ्या आईवरच अन्याय होता.

मार्च लागला की आमच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी अशा मिरच्यांची पोती उघडी असतात. बदलापूर-विरारला राहायला गेलेली माणसंसुद्धा वर्षाचा मसाला करायला इथेच येतात. त्या दिवसांत माझ्या गाळ्यात पाच बायका मिरच्यांची देठं खुडायला बसतात. त्यांतल्या एका मावशींनी काही वर्षांपूर्वी मला विचारलं, "ताई, ही देठं आपण मिरचीच्याच भावाने घेतो ना? मग तिखटाचा भाव लावताना ती धरता का?"

मी म्हणाले, "तुम्ही देठं खुडा मावशी. हिशेब मी बघते."

चार बायकांसमोर म्हणाले. त्यानंतर मावशींनी मला कामाव्यतिरिक्त एक शब्द विचारला नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

चार वर्षांपूर्वी एका केटररला वर्षभर एकाच भावाने तिखट द्यायचं मी कबूल केलं. काम मोठं होतं, मी हुरळून गेले. सहा महिन्यांत मिरचीच्या व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर आली आणि बहिणीपुढे हात पसरावा लागला. तिने पैसे दिले, पण अट घातली : दादरला एका शाळेत संध्याकाळी छोट्या व्यावसायिकांसाठी हिशेबाचा वर्ग चालतो, तिथे जायचं. पैशांची गरज होती म्हणून गेले.

शिकवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचा पगार किती धरता?" मी म्हणाले, "मालकिणीला कसला पगार? उरेल ते माझं." ते म्हणाले, "आणि काही उरत नसेल तर?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला : एक किलो तिखट तुम्हाला खरोखर कितीला पडतं, ते तोलून आणा. अंदाजाने नको.

दुसऱ्या दिवशी 400 रुपये किलोची 10 किलो बेडगी मी बाजूला काढली. देठं खुडल्यावर काट्यावर 9 किलो 200 ग्रॅम भरली. दोन दिवस कडक ऊन दाखवल्यावर 8 किलो 800. डंक्यावरून आणून चाळली तेव्हा हातात तिखट आलं 8 किलो 600. म्हणजे 4000 रुपयांचा माल 8 किलो 600 वर आला. किलोला 465 रुपये नुसती मिरचीच पडली. त्यात कांडपाची मजुरी, देठं खुडणाऱ्यांचा रोज, पिशवी, गाळ्याचं भाडं, विजेचं बिल आणि माझे दिवसाचे बारा तास यांतलं काहीच आलेलं नव्हतं. मी मात्र खरेदीचा भाव 400 धरून, वर कांडप-मजुरी लावून, किलोमागे 60 रुपये सुटतात असं समजत होते; याच पद्धतीचा हिशेब मी 22 वर्षं करत आले होते. घट हा शब्द आमच्या धंद्यात पोरासोरांना ठाऊक असतो. मला शब्द ठाऊक होता, आकडा ठाऊक नव्हता.

मग इतकी वर्षं दुकान चाललं कसं? गरम मसाल्यात आणि दिवाळीच्या फराळात थोडं सुटत होतं, ते तिखट खात होतं. शिवाय संध्याकाळी गल्ला भरलेला दिसायचा. त्यात व्यापाऱ्याचे द्यायचे पैसेही असायचे. मी भरलेल्या गल्ल्याला नफा समजत आले.

त्या रात्री मला आईची आठवण आली. आई परळला खाणावळ चालवायची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा-चौदा गिरणी कामगार जेवायचे. वाण्याचं सामान उधारीवर, कामगारांचे पैसे पगाराला, मधल्या दिवसांसाठी सावकाराचं व्याज. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी त्या झगडल्या. आई त्यात गेली. तोवर ती अंगठा उठवायची. कर्जाच्या कागदासाठी, चाळिशी ओलांडल्यावर, ती सही शिकली. माझ्याच पाटीवर गिरवायची. मी आठ वर्षांची होते आणि पाटी परत मिळावी म्हणून रडायचे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारी माणसं हळूहळू गावाला निघून गेली, काहींची उधारी कायमची बुडाली. आई बसून राहिली नाही. मंडळाच्या बायकांबरोबर ती केटरिंगच्या कामाला लागली. चौदा माणसांचं जेवण करणारी बाई दोनशे माणसांचं प्रमाण शिकली : किती किलो डाळ, किती तेल, कोणत्या भांड्यात किती पाणी. माझी आई दोनदा नव्याने शिकली होती. मी जगाला सांगताना फक्त तिचे कष्ट सांगत आले, शिक्षण गाळत आले.

आपण सगळेच असं गाळून सांगतो, असं मला आता वाटतं. गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला, पापड खाटेवर पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. सुरुवातीला त्या चांगला आणि हलका असे दोन प्रकारचे पापड करत होत्या. त्यांना ते 80 रुपये उसने देणारे छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच पापड करा, दर्जा सोडू नका आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी ऐकलं. 80 रुपये तेव्हाही पुष्कळांकडे होते. चूक दिसल्यावर पद्धत बदलायची आणि दुसऱ्याचं ऐकायचं, हे भांडवल त्या सात जणींकडे होतं.

माझ्याकडे ते नव्हतं. मला वाटायचं, शिकायला बसणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, आणि मालकिणीने ते कबूल केलं की माणसं तिचं ऐकत नाहीत. हे भय फार महाग पडलं. मावशींच्या प्रश्नाला मी त्याच दिवशी उत्तर शोधलं असतं, तर बहिणीकडे जायची वेळ आली नसती.

वर्ग संपल्यावर मी मावशींची माफी मागितली, त्याच चार बायकांसमोर. त्या म्हणाल्या, "ताई, मी रोज देठांची पोती भरून फेकते. मला वजन कळतं." आज प्रत्येक पोत्याची घट मावशीच तोलतात आणि वहीत लिहितात. त्यांचा रोज मी वाढवला आहे. तिखटाचा भावही वाढवला. दोन केटरर सोडून गेले, घरगुती गिऱ्हाईक टिकलं. माझा स्वतःचा पगार दर महिन्याच्या 5 तारखेला मी वहीत खर्चात टाकते. बहिणीचे पैसे गेल्या वर्षी फिटले.

ज्यांची छोटी दुकानं, गाळे, पोळी-भाजी केंद्रं आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आज दुकान बंद करण्यापूर्वी तुमची सगळ्यात जास्त खपणारी एक वस्तू घ्या आणि ती तुम्हाला खरोखर कितीला पडते ते तोलून, मोजून लिहून काढा. त्यात स्वतःची मजुरी धरा. आणि हे करताना तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. त्याला एखादा आकडा तुमच्या आधी ठाऊक असेल.