बोअरचे पाणी
मराठवाड्यात आमची मदार बोअरच्या पाण्यावर. धाकट्या भावाची काळी गाडी आम्ही त्यानेच धुतो. लग्नाच्या वर्द्यांवर तिचे हप्ते फिटतात, आणि डागाळलेली गाडी दूल्ह्यासाठी कोण नेणार? उन्हात पाणी उडते, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे ठिपके होऊन रंगावर बसतात. उर्दू वर्गात आम्ही शिकवतोच, तेजाबात कार्बोनेट विरघळते. म्हणून गाडी सावलीत गार करून, सिरका व पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेले फडके ठिपक्यांवर मिनिटभर ठेवतो, घासत नाही. मग भरपूर पाणी ओततो. ठिपक्याने वरचा पारदर्शक थरच खाल्ला असेल, तर पॉलिशशिवाय इलाज नाही. धुवायलाही तेच खारे पाणी. त्यामुळे शेवटी भरवसा कोरड्या फडक्याचा आणि चपळ हाताचा.