थांबलेल्या व्हॅनची शिदोरी

चाक फिरते आहे तोवर व्हॅन हे घर असते. इंजिन ऊब देते, बॅटरी भरते, पुढच्या ढाब्यावरचा चहा जवळ आणते. इंजिन थांबले की हे सारे एकदम थांबते आणि वाऱ्यात उभा असलेला पत्रा तेवढा उरतो. आपत्कालीन पिशवी भरायची ती या थांबलेल्या व्हॅनसाठी. तिच्यात काय हवे, हे मनाली-लेह रस्ता नेमके शिकवतो. सुमारे सव्वाचारशे किलोमीटरच्या या वाटेवर बारालाचा ला, लाचुलुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी आहेत. तांगलांग ला ५,३०० मीटरहून उंच. २०२० साली अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगची चढण टळली. पुढची वाट होती तशीच राहिली. दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचे पाणी नाले फुगवते, कुठे दरड येते, आणि व्हॅन जिथे असेल तिथेच रात्र काढते.

पिशवीचा क्रम शरीर ठरवते. हवा बिघडली तर हातात मिनिटे असतात, ऊब गेली तर तास, पाणी संपले तर दिवस. अन्नावाचून माणूस त्याहून पुष्कळ अधिक काळ तगतो.

म्हणून आधी हवा. या वाटेवरचा सर्चूचा मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास. तिथे डोके ठणकणे, मळमळणे ही उंचीच्या आजाराची सुरुवात. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला तर धोका जिवाचा. यावर खरा उपाय खाली उतरणे. पण सर्चूहून कुठल्याही दिशेला उतरायचे तर आधी आणखी उंच खिंड ओलांडावी लागते. मध्ये वेळ मिळवून देतो तो ऑक्सिजन. त्यासाठी मास्क आणि रेग्युलेटरसह भरलेला सिलिंडर हवा; दहा लिटरचा छोटा डबा मिनिटाला दोन लिटर या दराने पाच मिनिटांत रिकामा होतो. सोबत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. हवेचा दुसरा शत्रू व्हॅनच्या आतच जन्मतो. बंद खिडक्यांआड पेटवलेली शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते; त्याला ना रंग, ना वास, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. या वायूची सूचना देणारा अलार्म आणि हाताशी अग्निशामक, दोन्ही हवेत.

ऊब आगीवाचून राखावी लागते. शून्याखालच्या तापमानाची स्लीपिंग बॅग, लोकरीची टोपी, कोरडे मोजे, जमिनीकडून येणारा गारठा अडवणारी फोमची चटई आणि खिडक्यांना लावायचे चकचकीत पडदे एवढ्यावर रात्र निघते. फोन आणि पॉवर बँक झोपताना अंगाजवळ घ्यावी. थंडीत बॅटरी मान टाकते. लिथियम आयर्न फॉस्फेटची घरगुती बॅटरी तर शून्याखाली चार्ज करू नये, ती बिघडते.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचे, लहान कॅनमध्ये विभागून. एक कॅन गोठला वा फुटला तरी बाकीचे उरतात. कॅन काठोकाठ भरू नये, बर्फ होताना पाणी फुगते. शिवाय गाळणी आणि शुद्धीकरणाच्या गोळ्या.

अन्न न शिजवता खाता येईल असे असावे. सर्चूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते, डाळ कुकरवाचून शिजत नाही. थंडीत ब्युटेनची ज्योतही मरगळते. मराठी स्वयंपाकघराकडे याची तयार उत्तरे आहेत: सातूचे पीठ आणि गूळ, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, भडंग, खजूर.

मग गाडीचे सामान. स्टेपनी, जॅक, पाना, पंक्चर किट, हवा भरायचा पंप, जंपर केबल, टोचनाचा पट्टा, फ्यूज, फॅन बेल्ट, फावडे, चाकामागे लावायचे ठोकळे. पुण्या-मुंबईच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी ओतलेले असेल तर एका रात्रीत ते गोठून इंजिनाला तडा जाऊ शकतो. योग्य प्रमाणातले कूलंट निघण्यापूर्वीच भरावे. इंधनाचे गणितही तेव्हाच करावे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तांदीच्या पंपावरची पाटी या वाटेवर प्रसिद्ध आहे.

शेवटी हाक. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेडलाही लांबच लांब टप्प्यांत रेंज नसते. आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणे भारतात गुन्हा आहे. म्हणून हाक जुन्या रीतीने द्यावी लागते: शिटी, हेडटॉर्च, परावर्तक त्रिकोण, कागदी नकाशा. नाव, रक्तगट, घरचा नंबर आणि थांबलेली जागा लिहिलेल्या चार चिठ्ठ्याही असाव्यात. पुढे जाणारा ट्रकवाला अशी चिठ्ठी सीमा सडक संघटनेच्या किंवा लष्कराच्या तळावर पोचवू शकतो.

ही सारी तयारी पलंगाखालच्या खणात गेली तर वाया गेली. व्हॅनला आग लागली किंवा ती नाल्यात कलंडली तर हाती येते तेवढेच खरे. म्हणून औषधे, टॉर्च, चिठ्ठ्या, एक पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ वेगळ्या पाठपिशवीत, दाराशी. काच फोडायची हातोडी चालकाच्या हाताला लागेल अशी. प्रत्येक प्रवासापूर्वी औषधांच्या तारखा, सिलिंडरचा दाब आणि टॉर्चचे सेल तपासावेत, आणि कुठे काय आहे हे व्हॅनमधल्या प्रत्येकाला अंधारातही सांगता यावे.