अक्षरी रुपये

आकड्यावर मनुष्याचा पुरता विश्वास कधीच नसावा. एरवी रक्कम आकड्यांत लिहून झाल्यावर ती पुन्हा अक्षरांत लिहून घेण्याची तजवीज त्याने केली नसती. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने तर आकडा आणि अक्षर यांत तफावत आढळल्यास अक्षरी रक्कमच खरी मानावी, असा निर्वाळा देऊन ठेवला आहे. खरवईच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्याचे दप्तर सांभाळणाऱ्या माझ्या वडिलांनी हे कलम वाचले नसेल. परंतु पावतीवर ‘अक्षरी रुपये’ या शब्दांपुढे रक्कम लिहून, शेवटी ‘फक्त’ घालून, उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढल्याखेरीज त्यांची लेखणी खाली ठेवली जात नसे.

पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरल्यावर आकड्याचे मराठी अक्षरांत रूपांतर करणारे एक मॉड्यूल मी लिहिले आणि मुक्त परवान्याखाली सर्वांच्या स्वाधीन केले. इंग्रजीत नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या सत्तावीस शब्दांत भागतात. मराठीत प्रत्येकीचे नाव स्वतंत्र, आणि शंभर एकटे असताना ‘शंभर’ असले तरी त्यात एकाची भर पडताच ‘एकशे एक’. एवढे साधले म्हणजे काम संपले, असा माझा समज होता. परंतु वापर वाढला तसे अर्ज येऊ लागले. जुन्या खरेदीखतांत रमलेल्या एका वकिलांना १९५७ पूर्वीचे आणे-पै हवे होते. त्यांनी नमुन्यादाखल रकमा स्वतः तपासून धाडल्या, आणि सोळा आण्यांचा हिशेब पक्का असल्याने ती मागणी मंजूर झाली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा तीही सोय ऐच्छिक म्हणून ठेवली. ‘एकशे पन्नास’ऐवजी सर्वत्र ‘दीडशे’ करावे, ही मागणी मात्र मी नामंजूर केली. कारण दीड, अडीच, पावणेदोन कोठे योजावे हे जिभेला कळते, नियमाला नाही, आणि मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा एकच कागद असला तरी त्या बदलाने अनोळखी कचेऱ्यांतील असंख्य पावत्यांची भाषा बदलली असती.

होकाराची घाई किती महाग पडते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. असंख्य यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या संगणकीय संचाचा भार एकट्याने वाहणाऱ्या, थकलेल्या गृहस्थावर दिरंगाईच्या फिर्यादींचा मारा झाला. अखत्यार एका टोपणनावाच्या मदतनिसाकडे गेला, आणि त्यानेच आत चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले.

तेव्हा वाचकहो, फुकट मिळालेल्या अशा मॉड्यूलासाठी मागणी धाडताना तिच्यासोबत तपासलेले नमुने आणि पुढे कोणी विचारल्यास उत्तर देण्याची तयारीही धाडावी. आणि नकार आलाच, तर परवान्याने प्रत्येकास स्वतःची प्रत करून हवा तो बदल करण्याचा हक्क दिला आहे, तो खुशाल बजावावा.