फोल्डरचे बारसे

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या दोन क्रियांत मराठी भाषेने एका मात्रेचाच काय तो फरक ठेवला आहे. पहिलीला पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात, कानात कुर्र करायला आत्या लागते. दुसरीला काहीच लागत नाही, चार माणसे जमली की पुरे! संगणकाची तऱ्हा मात्र निराळी. तेथे आपण मोठ्या हौसेने नाव ठेवायला जावे, तर ते यंत्र आपल्या नावालाच नावे ठेवू लागते.

हा अनुभव आमच्या दादाने साताऱ्यात घेतला आणि मी सांगलीत बसून टेलिफोनवरून ऐकला. त्याचे असे झाले. आमची आई साताऱ्याहून सांगलीस मावशीला नियमाने पत्र लिहीत असे. मावशीच्या मागे ती पत्रे माझ्याकडे आली आणि गावभागातल्या घरी ट्रंकेत राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची खूण. पाणी ५७ फुटांवर गेले. ट्रंकेतला खालचा थर शाईसकट गेला. वरचा थर तेवढा वाचला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कृष्णा येत नाही, या भरवशावर ती पत्रे मी दादाकडे पोहोचवली. दादा कचेरीतून निवृत्त झालेला. एकेका पत्राचे चित्र घेऊन ते संगणकात रीतसर लावून ठेवायचे त्याने मनावर घेतले, आणि आठच दिवसांत त्याचा फोन आला, “अरे, ह्या यंत्रात फोल्डरच होत नाही!”

फोल्डर होत नाही, ही तक्रार ‘पोट दुखते’ या तक्रारीसारखी आहे. वैद्याने आधी कुठे आणि कधी हे विचारायला हवे. मी विचारले, “कोणत्या नावाचा?” दादा म्हणाला, “दुःख. निधनाच्या बातम्यांची पत्रे त्यात घालायची आहेत. दु उमटतो, ख उमटतो, मधली दोन टिंबे काही उमटत नाहीत. उलट इंग्रजीतून फुगा वर येतो.”

मराठीच्या मास्तराला याहून गोड कोडे कोणी घातले नसेल. दादा विसर्ग म्हणून जी दोन टिंबे उमटवू पाहत होता, ती विसर्गाची नव्हतीच. ती इंग्रजी अपूर्णविरामाची होती. डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडे वाटतात, पण यंत्राच्या लेखी त्यांची कुळे वेगळी. विंडोजने नऊ चिन्हे फोल्डरच्या नावात निषिद्ध मानली आहेत: दोन तिरप्या रेघा (एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे), अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन कोन आणि एक उभी रेघ. हा सोवळेपणा उगीच नाही. अपूर्णविराम ‘सी’, ‘डी’ अशा ड्राइव्हच्या नावापुढे येतो, तिरपी रेघ फोल्डरातला फोल्डर दाखवते, आणि बाकीच्यांनाही आज्ञांमध्ये अशीच नेमून दिलेली कामे आहेत. कामावरच्या शिपायाला लग्नात वाढपी म्हणून कसे न्यावे?

मी म्हटले, “दादा, तुझा कळफलक इन्स्क्रिप्टचा आहे. शिफ्ट दाबून वजाबाकीच्या चिन्हाची कळ दाब.” पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, “झाले रे दुःख!” वहिनी आतून घाबऱ्याघुबऱ्या विचारत्या झाल्या, कोणाचे काय झाले म्हणून.

त्यानंतर फोन रोजचेच झाले. आपल्या मराठी सवयी यंत्राशी किती ठिकाणी अडतात, ते मला तेव्हा उमगले. दादा कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे तारीख घालायचा, १२/८/७४. तिरपी रेघ निषिद्ध. मी आडवी रेघ घालायला सांगितली, आणि वर्ष पूर्ण लिहून आधी घ्यायला सांगितले, म्हणजे पत्रे आपोआप क्रमाने लागतात. पत्रांबरोबर निघालेल्या, ओळख न पटणाऱ्या छायाचित्रांसाठी त्याने ‘हे कोण?’ असे नाव योजले; तेथे प्रश्नचिन्ह अडले. शोध घेताना यंत्राच्या परिभाषेत प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘या जागी कोणतेही एक अक्षर’ असा होतो. आपण विचारावे ‘कोण?’ आणि यंत्राने उत्तर द्यावे ‘कोणीही!’

याहून मजेची गोष्ट पुतण्याने काढली. सी-ओ-एन अशी तीन इंग्रजी अक्षरे देऊन त्याने फोल्डर करून पाहिला. चिन्ह एकही वावगे नाही, तरी होईना. हे वतन जुने आहे. १९८१ मध्ये आयबीएमचा घरगुती संगणक आला, तेव्हा त्याच्या डॉसमध्ये फोल्डर ही वस्तूच नव्हती. ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधीच कळफलक व पडदा, छापयंत्र वगैरेंना काही नावे राखून दिली होती. घराला पुढे खोल्या निघाल्या, तरी ती नावे कोणत्याच खोलीत दुसऱ्याला मिळाली नाहीत.

नाव निर्दोष असूनही अडले, तर जागा पाहावी. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये फोल्डर करू जाल, तर यंत्र व्यवस्थापकाची परवानगी मागते. सातबाऱ्यावर नाव नसताना विहीर खणण्यातला हा प्रकार. आपले कागद ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवावेत हे उत्तम. कॅमेऱ्याच्या कार्डाच्या कडेला एक इवलीशी खिटी असते. ती बंद बाजूला सरकली असेल, तर आत काही लिहिता येत नाही. डिस्क भरली असली तरी तोच परिणाम. आणि कधीकधी फोल्डर झालेला असतो, नुसता दिसत नसतो. तेव्हा एफ-५ ही कळ दाबून पडदा ताजा करावा.

राहिली लांबी. ‘घरची कागदपत्रे’त ‘आईची पत्रे’, त्यात ‘सांगलीस मावशीला पाठवलेली’, त्यात साल, त्यात महिना, अशी दादाची उतरंड वाढत गेली आणि एके दिवशी तळाचा फोल्डर होईना. ड्राइव्हपासून खालपर्यंतची सारी नावे मिळून साधारणतः २६० अक्षरांची मर्यादा असते, फोल्डरला त्याहून थोडी कमी. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाला स्वतंत्र घर लागते. या हिशेबाने सातारा सहा घरांचा, सांगली सहा घरांची, आणि जोडाक्षर धरून कृष्णाही सहाच घरांची! नावे आखूड केली, उतरंडीची दोन मडकी काढली, काम झाले.

आपल्या पूर्वजांचे फोल्डर म्हणजे रुमाल. कागद घडी करून फडक्यात बांधायचे आणि फडताळात ठेवायचे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो याच जिल्ह्यातल्या वाईस सापडलेल्या कागदांवर. रुमाल कोणतेही नाव निमूट सोसतो, पण वाळवीही निमूट सोसतो.

सगळ्या अडचणी संपल्या असे वाटत असताना दादाचा शेवटचा फोन आला. १९७८ च्या ऑक्टोबरातले आईचे एक कार्ड. कोपरा फाडलेला, पुतण्याला वाटले, यंत्रानेच तो कापला. वरच्या निम्म्या भागात आमची आजी गेल्याची बातमी. खाली आईने लिहिले होते की यंदा आमच्याकडे तळण नाही, तेव्हा पोरांसाठी चकल्या तूच कर. आणि पुढे तिच्या भाजणीचे प्रमाण, तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. “हे कुठे घालू?” दादाने विचारले, “दुःखात की फराळात?”

यंत्राने या वेळी काहीच हरकत घेतली नव्हती. दोन्ही फोल्डर तयार होते. मी त्याला सांगितले, कार्ड ‘दुःख’मध्ये ठेव आणि त्याचा शॉर्टकट ‘फराळ’मध्ये. शॉर्टकट म्हणजे नुसते बोट दाखवणे. मूळ कागद गेला, तर बोट रिकाम्या कोनाड्याकडे वळलेले राहते. म्हणून सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून सांगलीत माझ्याकडे धाड, हेही सांगितले. एकाच डिस्कवर सारे ठेवणे म्हणजे तळमजल्यावरची ट्रंकच. ती प्रत आता आमच्या माडीवर आहे, आणि यंदा दोन्ही घरांतल्या चकल्या त्या प्रमाणाच्या आहेत.