फायल

पुतणी बारावी झाली. सायन्सला. इंजिनिअरिंगला जायचं म्हणती. आमच्या घरात बारावी सायन्स झालेली पहिली पोरगी. तिच्या बापाला, म्हंजे माझ्या धाकट्याला, यंत्रमागाशिवाय दुसरं काय ठाऊक नाही. तवा फायल करायचं काम माझ्याकडं आलं.

फायल करणं म्हंजे काय, हे ज्याच्या घरात तीन पिढ्या कागद आहेत त्याला कळणार नाही. त्यानं कपाट उघडायचं नि गठ्ठा काढायचा. आमच्याकडं कपाट नाही, आयची पत्र्याची ट्रंक. त्यात रेशनकार्ड, लाईटबिलं, बाच्या मिलचा बिल्ला. बस्स.

दहावी-बारावीचं मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. इथवर ठीक. मग जातीचा दाखला, मग त्याची पडताळणी. 2000 सालच्या कायद्यानं ही पडताळणी बसवली, जिल्ह्याजिल्ह्यात समित्या आल्या. वर नॉन-क्रिमीलेअर पायजे. म्या हे नाव आयला वाचून दाखवलं. तिला ऐकू आलं 'नॉन-क्रिमिनल'. म्हातारी म्हणाली, "आजून बी लिव्हून द्यावं लागतं का रं, आमी चोर न्हाई म्हणून?"

पोरगी हसली. मला हसू आलं नाही.

आम्ही कैकाडी. सोलापूरच्या सेटलमेंटातले. बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. इंग्रजानं 1871 ला कायदा केला नि जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं तो मुंबई इलाख्यात लावला. सोलापुरात तारेचं कुंपण घालून आत वस्ती केली. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. माझा आज्जा टोपल्या विणायचा, गाढवं राखायचा. त्याला कुंपणात घातला नि मिलमध्ये लावला. या शहराच्या कापडात आमचा घाम आहे, पण तो इतिहास चादरीच्या दुकानात सांगत नाहीत. वर्तन चांगलं राहिलं तर कुंपणाबाहेर फ्री कॉलनीत घर मिळायचं. म्हंजे आज्जानं बी फायलच केली की. वर्षानुवर्षं चांगलं वागून. अक्षर येत नव्हतं तरी. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा देशातनं गेला. पत्ता मात्र राहिला.

माझी फायल 1984 ची. निळ्या पुठ्ठ्याची, नाडीवाली. तवा झेरॉक्स आजच्यासारखी गल्लीबोळात नव्हती. टायपिंगवाल्याकडं बसून नकला करायच्या नि 'खरी नक्कल' म्हणून राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायची. एका साहेबाच्या दारात मी तीन सकाळी उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्यानं कागद हातात घेतला, पत्ता वाचला, मग माझ्याकडं बघितलं. "सेटलमेंट?" एवढंच बोलला. सही केली, पण टेबलावरचं घड्याळ उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. माझ्यासमोर.

लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' 1980 ला आलं होतं, पुढल्या वर्षी त्याला अकादमीचं पारितोषिक मिळालं. आमच्याच जातीचं पुस्तक. ते मी छाती काढून मित्रांना दाखवायचो. पण अर्जावर सेटलमेंट हा शब्द लिहीना. मावशीचा पत्ता द्यायला लागलो. वर्तणुकीचा दाखला म्हटलं की पोटात गोळा यायचा.

त्याच वेळी ट्रंकेत एक कागद सापडला होता. आज्जाचा. सेटलमेंटचा, चार घड्या पडलेला. नाव, बापाचं नाव, जात कैकाडी, रजिस्टरचा नंबर, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. मी आयला म्हणालो, "जाळ हे. माझ्या फायलीत चुकून गेला तर जन्माचा धंदा व्हईल." तिनं हू म्हटलं. मी सरकारी नोकरीची वाट बघितली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड दर खेपेला नवं करून घेतलं. कॉल आलाच नाही. शेवटी एका खाजगी कारखान्यात हिशेब लिहायला लागलो. फायल माळ्यावर गेली.

आता पुतणीसाठी पुरावा पायजे 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. विमुक्त-भटक्यांना ती तारीख. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950. गंमत बघा, हाच कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त. माणूस तोच, जिल्हा बदलला की रकाना बदलतो. बाच्या शाळेचा उतारा काढायला गेलो तर त्या सालांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. माझा दाखला 61 नंतरचा. त्याचा उपेग नाही.

शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ काय असती ते बाबासाहेबांच्या नोंदीवरनं कळतं. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला नाव दाखल, नंबर 1914. तो दिवस 2017 पासून सरकार विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. वाळवी तिथं लागली नाही, आपलं नशीब.

मी घरी येऊन गप बसलो. कसं विचारावं तेच कळेना. चाळीस वर्षांपूर्वी मीच सांगितलेलं, जाळ म्हणून. पुतणीच म्हणाली, "आज्जी, सासऱ्याचा काय कागद हाय का गं?"

म्हातारी उठली. ट्रंक उघडली नाही. देव्हाऱ्यातल्या फोटोमागनं प्लास्टिकची पिशवी काढली. माझ्याकडं बघितलं बी नाही. "आप्पा जाळ म्हणाला हुता. म्या म्हणलं, त्यो शिकलाय, त्याला काय कळतंय."

पोरीनं कागद वाचला. मग म्हणाली, "आप्पा, ह्यात पणजोबाला गुन्हेगार लिव्हलंय. हे लावायचं?" तिचा आवाज मला वळखीचा वाटला. माझाच, 84 सालचा. मी म्हणालो, लावायचं. ती बराच वेळ कागद धरून बसली. म्हणाली, "मूळ देणार नाही. दाखवून परत आणायचा."

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून स्कॅन करायला गेलो. म्हातारी बी रिक्षात बसून आली, कागद कुणाच्या हातात देईना. दुकानातल्या पोरानं काचेवर ठेवला, पडद्यावर बघितलं. अक्षरं आली. ठसा पुसट आलेला.

"काका, नाव दिसतंय, चालेल की. पुन्हा करायचं म्हंजे धा रुपये अजून."

म्हातारीनं पदराच्या गाठीतनं नोट काढली. म्हणाली, "कर. अंगठा आला पायजे."