शुक्रवारची गॉड

मी गॉड आहे. दचकू नका, फक्त शुक्रवारी आणि तेही रात्री साडेनऊ ते साडेअकरा. उरलेल्या आठवड्यात मी फ्रीलान्स जर्नलिस्ट असते, म्हणजे ‘माझं पेमेंट कधी येणार’ असे नम्र मेल लिहीत बसते.

आमचा शुक्रवारचा फंडा असा. अकरा जण व्हिडिओ कॉलवर आणि बारावी मी. खेळाचं नाव माफिया. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी तो कॉलेजच्या ट्रिपमध्ये बसच्या मागच्या सीटवर खेळलेला असणार. नसेल तर ऐका. तीन जण छुपे माफिया, एक डॉक्टर, एक इन्स्पेक्टर, उरलेले सहा साधे गावकरी. कोण कोण आहे, हे ज्याचं त्यालाच माहीत. माफिया मात्र एकमेकांना ओळखून असतात. रात्री गाव झोपतं. माफिया एकाचा गेम करतात, डॉक्टर कुणा एकाला वाचवतो, इन्स्पेक्टर एकाची चौकशी करतो. सकाळी कोण मेलं ते कळतं, आणि मग गाव दिवसभर, म्हणजे पंधरा मिनिटं, कडाकडा भांडून एकाला मतदानाने फाशी देतं. तीनही माफिया संपले की गाव जिंकलं. दोन्हीकडची डोकी सारखी उरली की माफिया जिंकले. आणि हे सगळं चालवणारा, स्वतः न खेळणारा जो असतो, त्याला आपल्याकडे सरसकट ‘गॉड’ म्हणतात. बाहेर त्याला मॉडरेटर वगैरे म्हणतात. पण गॉड कसं, जरा वजन आहे!

हा खेळ 1980च्या दशकात मॉस्कोत, तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने शोधून काढला. 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने माफियाच्या जागी माणसाचा लांडगा आणला आणि तोच खेळ ‘वेअरवुल्फ’ म्हणून फिरू लागला. 2018 मध्ये आलेला आणि 2020 मध्ये प्रत्येकाच्या फोनवर पोचलेला ‘अमंग अस’ही त्याच घराण्यातला. मूळ गंमत एकच. थोड्यांना सगळं माहीत असतं आणि पुष्कळांना काहीच नाही. ऑफिसात काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आमचं सुरू झालं एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये. तेव्हा सगळ्यांनीच काही ना काही सुरू केलं होतं. लोकांची डालगोना कॉफी दोन आठवड्यांत संपली, आमचा माफिया टिकला. मूळचे पाच-सहा बॅचमेट, मग त्यांचे कलीग, कलीगचे रूममेट. डोंबिवलीचा एक बँकवाला आहे. नाशिकची एक एचआरवाली आहे, जिच्याइतकं थंड डोक्याने खोटं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही (अप्रेझलच्या महिन्यात तर तिला माफिया करूच नये). एक स्टुटगार्टला असते, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात पाच. आणि एक लातूरकर.

समोरासमोर खेळताना गॉडचं काम सोपं असतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तुम्ही बोट दाखवायचं. ऑनलाइन मात्र सॉलिड डोकं लावावं लागतं. आमच्याकडे रात्र झाली की कॅमेरा बंद, माइक बंद, आणि ज्याने त्याने मला पर्सनल मेसेज करायचा. पहिल्याच महिन्यात एका हुशाराने शोध लावला की, रात्री व्हॉट्सॲपवर जो ‘ऑनलाइन’ दिसतो त्याला काहीतरी काम असणार! त्या दिवसापासून नियम केला, रात्री प्रत्येकाने मला काहीतरी पाठवायचंच. माफियाने बळीचं नाव पाठवायचं, गावकऱ्याने दुपारी काय जेवला ते. मला अकरा जणांचे डबे पाठ झालेत. रात्र तीन मिनिटांची, सेकंदही कमी-जास्त नाही. कारण डॉक्टर विचार करत बसला आणि रात्र लांबली, तर गाव लगेच म्हणतं, ‘आज डॉक्टर कन्फ्यूज आहे.’ डॉक्टर मेला तरी मी दर रात्री मोठ्याने विचारते, ‘डॉक्टर, कुणाला वाचवणार?’ आणि भुतासारखी दहा सेकंद थांबते. रोल मी घरी खऱ्या पत्त्यांतून काढते. गुलाम माफिया, राणी डॉक्टर, राजा इन्स्पेक्टर. आणि एक वही आहे. कोणत्या रात्री कुणी कुणाचं नाव घेतलं, सगळं त्यात. खेळ संपला की मी ती वाचून दाखवते. खरी धम्माल तेव्हाच असते. ‘अरे, तू मला मारलंस?’ ‘तूच मला वाचवलंस?’

तर लातूरकर. तो आमच्यात आला गेल्या वर्षी, कुणाचा तरी एक्स-कलीग म्हणून. बंगळुरूला नवी नोकरी, वन रूम किचन, वर्क फ्रॉम होम. कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं बोट ठेवायचा. ‘तू एरवी आधी हसतेस आणि मग नाही म्हणतेस, आज आधी नाही म्हणालीस.’ असलं काहीतरी. दोन शुक्रवारांत त्याने तीन माफिया पकडले. मग व्हायचं तेच झालं. माफिया कुणीही असो, पहिल्या रात्री लातूरकर आउट. ओळीने पाच शुक्रवार! शहाण्याला आधी मारा, हा माफियाचा साधा हिशेब आहे, त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. पण पहिल्या रात्री मेलेल्याने करायचं काय? कॅमेरा बंद करून दीड तास दुसऱ्यांची भांडणं ऐकायची.

पाचव्या शुक्रवारनंतर त्याचा मेसेज आला. ‘पुढच्या वेळी माझ्या जागी दुसऱ्याला घ्या. तसाही मी दहा मिनिटांत मरतो.’ खाली एक स्माइली. मी म्हटलं, असं काय रे. तर म्हणाला, ‘नाही, वाईट वाटून नाही म्हणत. ऑफिसचे कॉल सोडले तर आठवड्यात मी तुमच्याशीच बोलतो, म्हणून येत होतो.’

मी त्याला कसंबसं कबूल करून घेतलं. शुक्रवार आला. पत्ते काढले. एचआरवाली माफिया, डोंबिवलीकर डॉक्टर, लातूरकर साधा गावकरी. पहिली रात्र. माफियाचा मेसेज: लातूर. डोंबिवलीकराचा मेसेज: ‘स्वतःलाच वाचवतो.’ आमच्यात डॉक्टरला तसं एकदा करता येतं. म्हणजे लातूरकर मेला. वहीत मी तसं लिहिलंसुद्धा.

आणि माइक ऑन करून म्हणाले, ‘गावकऱ्यांनो, उठा. रात्री हल्ला झाला, पण कुणीही मेलं नाही.’

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मलाही तसंच वाटलं होतं. एका माणसाला एक दिवस जास्त दिला, कुणाचं काय गेलं?

आता डोंबिवलीकराच्या डोक्यातून बघा. आपण स्वतःला वाचवलं आणि कुणीच मेलं नाही. म्हणजे हल्ला आपल्यावरच झाला! का झाला? पत्ते वाटल्यावर स्टुटगार्टवाली त्याला सहज म्हणाली होती, ‘काय रे, आज फार जपून बसलायस.’ झालं. त्याच्या हिशेबाने तिने डॉक्टर ओळखला होता, म्हणजे ती माफिया. गणित एकदम बरोबर होतं. त्यातला एक आकडा मी खोटा दिला होता, एवढंच. आपण डॉक्टर आहोत हे न सांगता तो पंधरा मिनिटं तिच्यामागे लागला. एचआरवालीने मस्तपैकी तेल ओतलं. ती बिचारी सांगत होती, ‘अरे, मी नाहीये. मी साधी गावकरी आहे, खरंच.’ शेवटी शेवटी तिचा आवाज चढला. सात मतांनी फाशी.

निरपराध माणूस फासावर जाताना बघायची गॉडला सवय असते. दर शुक्रवारी बघते मी. गाव चुकतं, खेळच तो आहे. पण त्या दिवशी गाव चुकलं नव्हतं.

पुढे लातूरकर असा काही खेळला म्हणून सांगू! माफियाला वाटत होतं डॉक्टर त्याला जपतोय, म्हणून त्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. त्याने एकेक करून तिघांनाही बाहेर काढलं. शेवटची एचआरवाली. ती तर हात जोडून म्हणाली, ‘बाबा, मानलं तुला.’ लातूरकर हसत होता. त्याला असं हसताना आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, ‘वही!’

डोंबिवलीकर म्हणाला, ‘पहिली रात्र वाच. माफियांनी मलाच मारलं होतं ना?’

एचआरवाली म्हणाली, ‘तुला कशाला मारू? आम्ही लातूर म्हटलं होतं.’

‘पण मी तर स्वतःला वाचवलं होतं.’

व्हिडिओ कॉलवरची शांतता फार वाईट असते. अकरा चौकटी आणि सगळे नेमके तुमच्याकडेच बघतायत असं वाटतं. मी म्हणाले, ‘सॉरी यार, माझा गोंधळ झाला. मेसेज वाचायला चुकले.’ सगळ्यांनी ते मान्य केलं. गॉडवर कोण संशय घेणार? दिवसभर एकमेकांच्या पापण्या मोजणाऱ्या या लोकांनी माझ्यावर मात्र एका सेकंदात विश्वास ठेवला.

रात्री पाऊण वाजता लातूरकराचा मेसेज आला. ‘चुकून नव्हतं ना?’

मी दोन वेळा टाइप करून खोडलं. मग लिहिलं, ‘नाही.’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. आलं एवढंच, ‘मला वाटलं होतं मी जिंकलो.’

पुढच्या शुक्रवारी खेळाआधी मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. लातूरकर आला नव्हता. मला वाटलं होतं, लोक हसतील. काही हसलेही. डोंबिवलीकर म्हणाला, ‘जाऊ दे गं, गेम आहे.’ स्टुटगार्टवाली हसली नाही. ‘त्या दिवशी मी सगळ्यांना खरं सांगत होते,’ ती म्हणाली, ‘आणि ते खरं आहे हे तुला माहीत होतं. मी मुद्दाम तुझ्या चौकटीकडे बघून बोलत होते.’ नाराज होण्याचं कारण म्हणून तिने हे सांगितलं नाही. नुसतं सांगितलं. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

मग ती म्हणाली, ‘पहिल्या रात्रीचा प्रॉब्लेम होता तर आम्हाला का नाही विचारलंस? नियम बदलला असता.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! गॉड झाल्याचा परिणाम असणार. एकासाठी निकाल फिरवायचं सुचलं, अकरा जणांसाठी नियम फिरवायचं नाही. त्या रात्री आम्ही खेळलोच नाही, नुसतं यावर बोललो. पहिल्या रात्री कुणी मरायचंच नाही, असा एक पर्याय निघाला. पण एचआरवालीला तो मिळमिळीत वाटला. शेवटी ठरलं ते असं: जो पहिला मरेल तो गॉडचा असिस्टंट. वही त्याच्याकडे. त्याला सगळ्यांचे रोल कळणार, माफियाचे मेसेज दिसणार, आणि ‘गाव झोपलं’ तोच म्हणणार. मेलेल्यांसाठी ‘स्मशान’ नावाचा वेगळा ग्रुप. आणि दर रात्रीचा निकाल मी एकटीने जाहीर करायचा नाही. असिस्टंटने वही बघून हो म्हटल्यावरच.

हे सगळं मी लातूरकराला लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. तीन शुक्रवार तो नव्हता. चौथ्या शुक्रवारी साडेनऊला बारावी चौकट उघडली. ‘आवाज येतोय का?’ कुणी काही विचारलं नाही. एचआरवाली तेवढी म्हणाली, ‘ये बाबा, तुझ्याशिवाय मारायला मजा येत नाही.’

पत्ते काढले. पहिल्या रात्री माफियाचा मेसेज आला: लातूर. डॉक्टरने भलत्यालाच वाचवलं होतं. मी ते वहीत लिहिलं, माइक ऑन केला आणि वाचून दाखवलं.

त्याने कॅमेरा बंद केला. अर्ध्या मिनिटाने ‘स्मशान’ ग्रुपवर त्याचा मेसेज आला.

‘वही पाठव. फोटो नीट काढ, तुझं अक्षर घाण आहे.’